एका वाक्याची माफी

शनिवार, १४ ऑक्टोबर

माझ्या भाच्याचा, कोपोचा सामना असला की टकोमातल्या आमच्या घराचं चर्च होतं. आज दुपारी कोचावर सहा जण, जमिनीवर पाच, आणि माझा मेहुणा फालानिको थेट माझ्या खुर्चीत.

अमेरिकन फुटबॉल. कोपोचं कॅस्टन विद्यापीठ विरुद्ध ब्रॅडॉक. शेवटची दहा मिनिटं उरली होती. ब्रॅडॉकचा क्वार्टरबॅक, वेड हॉलिस्टर नावाचा मुलगा, चेंडू हातात घेऊन फेकायला जागा शोधत होता. आपल्या तिघांनी त्याला आडवं केलं. ढिगाऱ्यातून कोपो सगळ्यात आधी उठला. त्या मुलावर वाकला, काहीतरी बोलला, आणि पंचाने पिवळा रुमाल भिरकावला. खिलाडूवृत्तीला न शोभणारं वर्तन, पंधरा यार्डांची शिक्षा. मग जाहिरात लागली. जाहिरात संपल्यावर कळलं की हॉलिस्टरचा पाय मोडलाय.

"दाजी," फालानिको म्हणाला, "आपला पोरगा आता तोंडानेही खेळायला लागला की!"

सगळे हसले. मीही हसलो. हे लिहून ठेवतो, कारण आठवड्याभरात मी हसलो नव्हतो असं मला वाटायला लागेल.

सामना संपला की कोपो फोन करतो. आज केला नाही. माझी बायको लांगी म्हणाली, "अहो, दमला असेल." भिंतीवरच्या कॅलेंडरवर अठरा नोव्हेंबरभोवती मी काढलेलं लाल वर्तुळ बघत बसलो.

त्या दिवशी कॅस्टनच्या मैदानावर शेवटच्या वर्षाच्या पोरांचा निरोपाचा सामना आहे. सामना सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मुलगा आपल्या आईबापांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत येतो. ध्वनिक्षेपकावरून नावं पुकारतात, आईच्या हातात फुलं देतात. मोजून तीस पावलं. माझी बहीण सियेनी गेली तेव्हा कोपो नऊ वर्षांचा होता. आम्हा सामोअन लोकांत बहिणीचं मूल भावाच्या घरात सगळ्यांत मानाचं असतं. त्याच्या ताटात आधी वाढायचं, मग माझ्या. तेरा वर्षं मी तसं वाढत आलो. आता मला ती तीस पावलं हवी आहेत. विद्यापीठाच्या फॉर्मवर मी माझं नाव, घराण्याची पदवी आणि तिचा उच्चार कसा करायचा हे सगळं लिहून पाठवलंय. उच्चारासाठी वेगळा कागद जोडला.

रविवार, १५ ऑक्टोबर

नऊ सेकंद. मी घड्याळ लावून मोजले.

कोपो वाकतो. ओठ हलतात. मान झटक्याने पुढे जाते. हॉलिस्टर तोंड फिरवतो. संपलं. सकाळपासून टीव्हीवर मी हे चव्वेचाळीस वेळा पाहिलं. सकाळी निवेदक म्हणत होते, "काहीतरी बोलला." जेवायच्या वेळेपर्यंत त्याचं "थुंकला असावा" झालं. दुपारी एका टकल्या माजी खेळाडूने टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाला, "जखमी माणसाच्या तोंडावर थुंकला! अशा जनावरांना मैदानावर जागा नाही!" चित्र तेच होतं. एक केसही इकडचा तिकडे झाला नव्हता. फुगत गेले ते फक्त शब्द.

मला शब्द शिकवू नका. मी तुलाफाले आहे. घराण्याच्या वतीने उभं राहून बोलायचं, हे माझं काम. लग्नात, मयताला, भांडण मिटवताना, घराणं बोलतं ते माझ्या तोंडाने. शब्द फुगवायचा कसा हे मी बापाकडून शिकलो, आजोबांकडून शिकलो. पण आम्ही फुगवतो तो समोरच्याचा मान! पाहुणा होडीतून आला तर आम्ही त्याला ताऱ्यांवरून आणतो. ह्या टेबल बडवणाऱ्यांनी तीच विद्या उलटी केलीय. बावीस वर्षांचं पोर घ्यायचं, नऊ सेकंदांत कोंबायचं, आणि देशभर घरोघरी दाखवत फिरायचं.

चर्चनंतरच्या जेवणात आमच्या टेबलावर तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पाद्रीबाई लांगीला म्हणाल्या, "आम्ही प्रार्थना करतोय हं." मयताच्या घरी बोलतात त्या आवाजात.

तीन वाजता फोन आला.

"मामा, मी थुंकलो नाही."

"माहीत आहे मला."

"पण बोललो."

"काय बोललास?"

"जाऊ दे. तुमच्यापुढे सांगण्यासारखं नाही."

मग मी त्याला घराण्याच्या नावाबद्दल सांगितलं. त्याच्या पाठीवर किती माणसं उभी आहेत ते सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. तो "हो मामा, हो मामा" म्हणत राहिला.

फोन ठेवल्यावर लांगी म्हणाली, "पोरगं काहीतरी सांगायला आलं होतं. तुम्ही प्रवचन ठोकलंत."

"सांगायचं असतं तर सांगितलं असतं."

"पुन्हा करा फोन. विचारा."

केला नाही. मामापुढे जे सांगता येत नाही ते काय असेल, ह्याचा विचार करत राहिलो. आईवरून असेल. त्या मुलाच्या मरणावरून असेल. मला जितकं वाईट सुचतं तितकं सगळं सुचलं, आणि मला बरंच सुचतं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

हॉलिस्टरच्या पायात दोन सळ्या घातल्या. विद्यापीठाने कोपोला एका सामन्यापुरतं बाहेर बसवलंय, आणि स्पर्धा मंडळ चौकशी करणार आहे.

वर्तमानपत्राला पत्र पाठवलं. अकराशे शब्द. रोममधल्या वक्त्यांपासून सुरुवात केली होती, आमच्या बेटांवरच्या पंचायतींवर शेवट. आज त्यातली दोन वाक्यं छापून आली, आणि ती दोन एकमेकांना लागून नव्हती.

मी शाळेची बस चालवतो. डेपोत आज कुणी काही बोललं नाही. रोज बोलतात.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

ठरलं. इफोंगा करायचा.

आज सकाळी रिकामी बस घेऊन परत येताना, जुन्या हायस्कूलच्या मैदानापाशी, जिथे कोपो पहिल्यांदा हेल्मेट घालून उभा राहिला होता, तिथे मला हे स्वच्छ दिसलं. आपल्या माणसाने दुसऱ्या घराण्याच्या माणसाला घायाळ केलं की आपण काय करतो? वकील करत नाही. बातमीदार बोलावत नाही. घराण्याचे मोठे लोक दिवस उजाडताना त्या घरापुढे जाऊन गुडघे टेकतात, डोक्यावर इए तोंगा ओढून घेतात, आणि थांबतात. घराण्याची सगळ्यांत मोलाची ती चटई, केवड्याच्या पातींचे रेशमासारखे धागे काढून दोन-दोन वर्षं विणलेली. समोरच्याला वाटलं तर त्याने दगड मारावा. वाटलं तर येऊन चटई उचलावी. उचलली की वैर संपलं. टेबल बडवणारे शंभर वर्षं बडवत राहिले तरी त्यांना एवढं बोलता येणार नाही, आणि आम्ही ते एक शब्द न बोलता करतो!

लांगी कांदे चिरत होती. चिरायची थांबली.

"अहो, इफोंगा खुनासाठी करतात."

"अपमानासाठीही करतात."

"त्याचा पाय खेळात मोडलाय. तीन जण होते अंगावर. आपला पोरगा काय बोलला ते तरी माहितीये का तुम्हाला?"

"म्हणूनच. अपराध केवढा हे आपण मोजत बसायचं नसतं. आपण सगळ्यात मोठी माफी घेऊन जायचं."

"कोपोला विचारलंत?"

"इफोंगा घराण्याचा असतो. मुलाचा नसतो."

"घराण्याला तरी विचारलंत?"

फालानिकोला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, माफी मागायला चाललोय की निवडणुकीला उभं राहायला? ते आधी सांगा, म्हणजे त्याप्रमाणे कपडे घालतो." पण व्हॅन त्याचीच आहे, आणि तो येतोय. कोपोने फोन उचलला नाही. निरोप ठेवला: काळजी करू नकोस, मामा सगळं निस्तरतोय.

शनिवार, २१ ऑक्टोबर

दुपारचे चार वाजलेत. गुडघ्यांत अजून खडी टोचतेय. मी इतका सुखी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

आम्ही सहा जण पहाटे निघून घाट ओलांडला आणि उजाडताना हॉलिस्टरांच्या गोठ्यापाशी पोचलो. दोनेकशे दुभत्या गाई, पांढरं घर, पुढे खडीचा रस्ता. गुडघे टेकले. आईने विणलेली चटई डोक्यावर घेतली. इफोंगात बोलायचं नसतं. समोरच्याने बोलतं केलं तरच बोलायचं.

आधी कुत्रा आला. त्याने फालानिकोला पायापासून मानेपर्यंत हुंगलं आणि त्याच्याच शेजारी बसला. मग दार वाजलं.

"कोण आहात? ओ? सोलर पॅनेलवाले असाल तर आम्हाला नकोय." हे वेडचे वडील, ग्लेन हॉलिस्टर. आम्ही गप्प. "अहो, बरं आहे ना सगळं? डोरी, इकडे ये गं. सहा माणसं चटई पांघरून बसलीत."

"आजारी आहेत का?"

"मला काय माहीत! बोलतच नाहीत."

चटईखालून फालानिको पुटपुटला, "दाजी, आता पोलिस येणार बघा." आला. उपशेरीफ आला, आमच्याभोवती एक फेरी मारली, "कायद्यात काही बसत नाही हे" असं म्हणाला, आणि डोरीबाईंनी दिलेली कॉफी पीत गाडीला टेकून उभा राहिला. वेडची धाकटी बहीण फोनवर चित्रण करत होती. मला पायांवरून कळत होतं ती कुठे उभी आहे ते. मनात म्हटलं, करू दे. ह्यांनाही कळू दे माफी कशाला म्हणतात.

तासाभराने कुबड्यांचा आवाज आला. कुणीतरी मोठ्या कष्टाने वाकलं, आणि माझ्या डोक्यावरची चटई उचलली गेली. समोर तोच चेहरा होता, नऊ सेकंदांतला. तोंडावर मुरुमं होती, आणि केस विस्कटलेले.

"काका," वेड म्हणाला, "तुम्ही कशाची माफी मागताय?"

मला बोलतं केलं. मी उभा राहिलो आणि बोललो. आधी आमच्या भाषेत, मग त्यांच्या. माझा बाप असता तर त्यालाही ऐकावंसं वाटलं असतं असं बोललो. डोरीबाई रडल्या. उपशेरीफने टोपी काढली. मुलगा दोन-तीनदा मध्येच काही सांगू पाहत होता, "पण काका, कोपोने तर..." असं काहीतरी. तुलाफालेचं बोलणं मध्ये तोडायचं नसतं हे त्याला बिचाऱ्याला कुठून कळणार? मी हात वर केला, तो थांबला. मोठं सालस पोर आहे. नंतर सगळ्यांनी बसून धिरडी खाल्ली. लांगीने बांधून दिलेला डुकराच्या मांसाचा डबा डोरीबाईंनी दोन्ही हातांनी घेतला, आणि तिचा नंबर लिहून घेतला.

परतताना व्हॅनमध्ये सगळे गात होते. फालानिको तेवढा गप्प होता. घाटात म्हणाला, "तो पोरगा काय सांगत होता हो, दाजी?"

"आभार मानत असेल."

सोमवार, २३ ऑक्टोबर

"कुटुंबाची कबुली." चारही वाहिन्यांवर हेच दोन शब्द. खाली सहा माणसं, गुडघे, चटई. वेडच्या बहिणीने ते कौतुकाने इंटरनेटवर टाकलं होतं म्हणे, खाली लिहिलं होतं "किती चांगली माणसं". ते वाक्य कुणी दाखवलं नाही. टकल्या म्हणाला, "निरपराध माणसाचं घर असं गुडघ्यांवर येत नाही." विद्यापीठाने कोपोला हंगाम संपेपर्यंत बाहेर काढलं. पत्रात कारण दिलंय: कुटुंबाने जाहीरपणे दिलेली कबुली.

कोपोचा फोन आला. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मामा, वरच्या कॅमेऱ्याची फिल्म प्रशिक्षकांनी मंडळाला दिली होती. त्यात सगळं दिसतं. आज मला सोडणार होते. आज, मामा. सोमवारी."

"काय दिसतं?"

"मी म्हणालो, 'ऊठ रे, आई जेवायला हाक मारतेय.' एवढंच. चिडवायला. मग त्याचा पाय दिसला. मग मी त्याच्या छातीवर हात ठेवला, म्हणालो हलू नकोस, आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांना बोलावलं. ते दहाव्या सेकंदाला आहे."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"आईवरून बोललो होतो. तुमच्यापुढे कसं सांगू? तुम्ही पुन्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं. विचारलंत कुठे?"

मी म्हणालो की घराण्याच्या मानासाठी...

"मला एका वाक्याची माफी मागायची होती, मामा. मी वेडला पत्रही लिहिलं होतं. तुम्ही जाऊन खुनाची माफी मागून आलात. अठरा तारखेला येऊ नका. मला मैदानावर उतरू देणारच नाहीत. आणि दिलं तरी येऊ नका."

बुधवार, २५ ऑक्टोबर

फोन नाही.

रविवार, २९ ऑक्टोबर

लांगी अजून तारो शिजवताना दोन कंद जास्त टाकते. चार वर्षं झाली त्याला कॅस्टनला जाऊन, तरी टाकते. पूर्वी मी त्यावरून तिला चिडवायचो. आज ते दोन कंद मीच खाल्ले, आणि जड झालो.

मी स्वतःशी वाद घालतो. मी वादात हरत नाही. म्हणतो, दोष त्या कात्रीचा आहे जी दहावा सेकंद कापते. दोष दोन शब्दांत माणूस पुरणाऱ्यांचा आहे. हे सगळं खरं आहे, आणि मी ते चौकात उभं राहून सांगेन! पण मग मला आठवतं की तो टकल्या निदान थुंकण्यापाशी थांबला होता. मी त्या रविवारी दुपारी त्याच्याही पुढे गेलो होतो.

वाक्य खोडावंसं वाटतंय. राहू देतो.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

फोन नाही. वाफेने काच धूसर झाली की कोपो बसच्या काचेवर बोटाने मैदान काढायचा आणि कोण कुठे उभं राहणार ते मला समजावायचा. आज एका पोरीने त्याच काचेवर मांजर काढलं. शेवटच्या थांब्यापर्यंत मी ते पुसलं नाही.

लांगीचं त्या डोरीबाईंशी रोज बोलणं चालू आहे. आज काकडीच्या लोणच्यावर पाऊण तास. मी म्हणालो, "घर जळतंय आणि तुम्हाला लोणचं सुचतंय?"

"लोणच्याच्या मधे मधे दुसरंही बोलतो," ती म्हणाली.

बुधवार, ८ नोव्हेंबर

टीव्हीवरच्या एका मोठ्या कार्यक्रमातून प्रेस्कॉट नावाच्या बाईंचा फोन. आवाज मधासारखा. मी न्यूयॉर्कला यावं, सगळ्या देशापुढे बोलावं. "आणि ती चटई आणाल ना?"

खोटं लिहीत नाही. मी टाय निवडला. आरशापुढे पहिली चार वाक्यं म्हणून पाहिली. खणखणीत होती.

"किती बोलणार तुम्ही?" लांगीने दारातून विचारलं.

"लागेल तेवढं."

"आणि कोपोला विचारणार?"

मी तिच्याकडे पाहिलंही नाही. दुपारी प्रेस्कॉटबाईंनी सगळी आखणी पाठवली. आधी क्लिप, मग इफोंगाचं चित्रण, मग मी. मला नव्वद सेकंद. मी नाही म्हणालो.

उद्या कुणी विचारलं तर मी म्हणेन की भाच्यासाठी नाही म्हणालो. खरं कारण इथे लिहितो: नव्वद सेकंद मला कमी वाटले.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

आज मंडळाची सुनावणी झाली, संगणकाच्या पडद्यावर. वेडने स्वतः अर्ज केला म्हणून फाईल पुन्हा उघडली. त्याच्या आईने त्याला अर्ज लिहायला बसवलं, आणि तिला कुणी सुचवलं ते लांगी सांगत नाही, नुसती भांडी पुसते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी बसलो होतो. समोर चौदा पानं. मागे फालानिको आणि चर्चमधले दोघे वडीलधारे, पडद्यावर दिसणार नाहीत असे. पडद्यावर मंडळाचे तिघं एका चौकोनात, वेड एका चौकोनात, कोपो एका. त्याच्या त्या फोनला बावीस दिवस झाले होते, आज त्याचा चेहरा पाहिला. हडकलाय. मान खाली होती.

वेड म्हणाला, "तो मला हलू नको म्हणाला. छातीवर हात ठेवला. मी हललो असतो तर डॉक्टर म्हणतात हाड बाहेर आलं असतं. हेच मी काकांनाही सांगत होतो."

मंडळाच्या अध्यक्षा मला म्हणाल्या, "तुमचा हा विधी म्हणजे अपराधाची कबुली असते का? हो की नाही?"

चौदा पानांत ह्याचंच उत्तर होतं. ते सुरेख होतं. त्यात 'कबुली' ह्या शब्दाची सात रूपं होती आणि प्रत्येकात पळून जायला एक दार होतं. पण नाही म्हणालो असतो तर इफोंगा खोटा ठरला असता. ज्यांनी आजवर चटईखाली मान वाकवली त्या सगळ्यांना मी नाटकी म्हटल्यासारखं झालं असतं. आणि हो म्हणालो असतो तर कोपो संपला.

मागे तिघं बसले होते. घराण्याने विचार करून तोंडात घातलेलं बोलतो तो तुलाफाले. स्वतःच्या मनचं बोलतो तो नुसता बोलणारा. हे माझ्या बापाने मला नाही, मीच दर रविवारी चर्चमधल्या पोरांना शिकवतो.

"हो, असते," मी म्हणालो. "पण कबुली द्यायला मला कुणी पाठवलं नव्हतं. त्याने काय केलं ते मला माहीत नव्हतं. मी माझ्या भाच्याला विचारलं नव्हतं."

"आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वडीलधाऱ्यांपैकी एक उठून बाहेर गेला. मी पडद्याकडे पाहत होतो. कोपोने मान वर केली. मग त्याचा चौकोन काळा झाला. त्याने बंद केला, की सुनावणी संपली म्हणून गेला, कळलं नाही.

फालानिकोने चौदा पानं गोळा केली, टेबलावर ठोकून सारखी केली आणि माझ्यापुढे ठेवली. एकही टोमणा मारला नाही. त्याचं मला जास्त लागलं.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

निकाल आला. थुंकल्याचा पुरावा नाही. मैदानावर झालेली पंधरा यार्डांची शिक्षा पुरेशी आहे. शनिवारी खेळता येईल.

चारही वाहिन्या लावून बसलो. एकीने बातमी दिली, हवामानाच्या आधी. पडद्याच्या तळाशी सरकत गेली. मी मोजलं, सहा सेकंद.

संध्याकाळी लांगीला त्याचा फोन आला. ती पडवीत जाऊन बोलली. परत आली ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला बोलावलंय चालायला."

"तुला."

"मला."

मी इस्त्री तापवली आणि तिचा पांढरा पोशाख काढला. चर्चचा, लांब बाह्यांचा.

रविवार, १९ नोव्हेंबर

काल काही लिहिता आलं नाही.

येऊ नका म्हणाला होता, आणि मी गेलो. लांगीला गाडीने न्यायला कुणीतरी हवंच होतं, हे मी स्वतःला घाटभर सांगत होतो. तिकीट काढलं. एक्केचाळिसावी रांग, कोपऱ्यातली खुर्ची. शेजारचा माणूस शेंगदाणे खात होता. मला ओळखून म्हणाला, "तुम्ही ते चटईवाले ना?" मी हो म्हणालो. त्याने शेंगदाण्यांची पिशवी माझ्यापुढे केली.

एकेक मुलगा आईबापांसह येत होता. मग ध्वनिक्षेपकावर, "इआकोपो मातांगी, बचाव फळी, आणि त्याच्या मामी." उच्चार अगदी बरोबर केला. माझं नाव त्यांनी नीट काढून टाकलं होतं.

तो तिचा हात धरून चालत होता. ती गुडघ्यामुळे हळू चालते, म्हणून तोही हळू. मी पावलं मोजली. तीस नव्हती, चव्वेचाळीस झाली. तिला फुलं दिली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन खाली ओढला आणि कपाळाला कपाळ लावलं, सियेनी लावायची तसं.

माझा आवाज ते मैदान भरू शकतो. ही फुशारकी नाही. खाडीच्या ह्या काठावरून मी त्या काठावरच्या लोकांना भाषण ऐकवलंय. घराण्यातला मुलगा मानाने उभा असताना त्याचं नाव, त्याच्या आईचं नाव, गावाचं नाव गर्जून सांगायचं, हे तुलाफालेचं कामच आहे. ते माझ्या घशापर्यंत आलं. पण मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिलो.

सामना सुरू झाल्यावर लांगी जिने चढत धापा टाकत वर आली. फुलं मांडीवर ठेवून बसली.

"काही म्हणाला?"

"थंडी आहे म्हणाला. मामी, स्वेटर घालून यायचं होतं म्हणाला."

"बरं."

तिने एक पाकळी सरळ केली. "मामा कुठल्या रांगेत बसलेत, विचारत होता."

"मी आलोय हे त्याला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. विचारलं फक्त."

"तू काय सांगितलंस?"

"एक्केचाळीस."

तिसऱ्या सत्रात कॅस्टनचा हल्ला सुरू झाला आणि बचाव फळी बाकावर येऊन बसली. कोपोने हेल्मेट काढलं, पाणी प्यायला. मग तो मैदानाकडे पाठ करून उभा राहिला आणि आमच्या बाजूला बघू लागला. इतक्या उंचावरून चेहरा दिसत नव्हता. हात दिसत होता. एक बोट पुढे करून तो खालून रांगा मोजत होता, सावकाश, एकेक करून.

मी उभा राहिलो. मागचा कुणीतरी ओरडला, "ओ, बसा की!" मी बसलो नाही.

बोट वर येत होतं. माझ्या अंदाजाने तिसाव्या रांगेपर्यंत आलं असेल, आणि मैदानावर चेंडू दुसऱ्या संघाकडे गेला. प्रशिक्षकांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याने हेल्मेट चढवलं आणि तो आत धावला.